‘सई’ : एका मराठी स्त्रीनामाचा अर्थ, उगम आणि लोकप्रियता – एक चिकित्सा

प्रास्ताविक

मराठी घरात मुलगी जन्मास आली की बारशापूर्वीचे काही दिवस नावाच्या शोधात जातात. पूर्वी हा शोध वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आणि पंचांगातील चरणाक्षरांत घेतला जाई. गेल्या काही दशकांत त्याची जागा बऱ्याच अंशी मुलामुलींच्या नावांच्या पुस्तिकांनी घेतली आहे. या पुस्तिकांची मांडणी ठरलेली असते. डावीकडे नाव, उजवीकडे एका शब्दात अर्थ, आणि क्वचित शेजारी रास. मराठीच्या अध्यापकांनी या पुस्तिकांकडे सहसा गांभीर्याने पाहिलेले नाही. वास्तविक आज सर्वसामान्य मराठी माणूस ‘व्युत्पत्ती’ या विषयाच्या सर्वांत जवळ जातो तो याच पानांवर. कोशकारांच्या श्रमांपेक्षा या पानांवरील एकेका शब्दाचा समाजावर अधिक परिणाम होत असेल, तर त्या शब्दांची चिकित्सा होणे आवश्यक ठरते.

प्रस्तुत लेखात अशा एकाच नावाचा विचार केला आहे. ते नाव म्हणजे ‘सई’. दोन अक्षरांचे, उच्चारण्यास सोपे, शिवचरित्रामुळे परिचित आणि आजच्या वर्गांतील हजेरीपटांवर सहज आढळणारे. त्याचा अर्थ ‘सखी, मैत्रीण’ असा दिला जातो आणि तो चुकीचा नाही. परंतु हा अर्थ कोठून आला, कोणाची सखी, आणि या अर्थामुळेच हे नाव लोकप्रिय झाले काय, हे तीन प्रश्न त्या एका शब्दाने झाकले जातात. नाव म्हणून ‘सई’ पुढे आली त्याच काळात संबोधन म्हणून ‘सई’ मराठी स्त्रियांच्या बोलण्यातून नाहीशी झाली. या दोन घटना एकत्र पाहिल्याखेरीज नावाची लोकप्रियता नीट समजत नाही, असे प्रस्तुत लेखिकेचे प्रतिपादन आहे.

व्युत्पत्ती : एक रूप, अनेक मुळे

महाराष्ट्री प्राकृतात दोन स्वरांमध्ये आलेल्या ख, घ, थ, ध, भ या महाप्राण व्यंजनांचा सामान्यतः ‘ह’ होतो. ‘दधि’चे ‘दही’, ‘वधू’ची ‘वहू’ ही उदाहरणे सर्वांच्या परिचयाची आहेत. याच नियमाने ‘सखी’ची ‘सही’ झाली. पुढे मराठीत हा ‘ह’ही गळाला आणि ‘सई’ हे रूप सिद्ध झाले. याला समांतर असे उत्तम उदाहरण फुलाच्या नावात सापडते. संस्कृत ‘यूथिका’, प्राकृत ‘जूहिआ’, हिंदीत ‘जूही’ आणि मराठीत ‘जुई’. म्हणजे हिंदीने जेथे ‘ह’ जपला तेथे मराठीने तो सोडून दिला. ‘जाई’ हे नावही ‘जाति’ या संस्कृत पुष्पनामातील ‘त’ लोप पावून आलेले आहे. जाई, जुई आणि सई ही आज आधुनिक व सुटसुटीत वाटणारी तिन्ही नावे प्राकृताच्या मुशीतून निघालेली आहेत. मराठीच्या जडणघडणीचा झ्यूल ब्लॉक यांनी १९२० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात जो मार्ग दाखविला, त्या मार्गावरील ही घरगुती उदाहरणे म्हणता येतील.

येथपर्यंत मार्ग सरळ आहे. अडचण पुढे येते. प्राकृतात व्यंजने गळू लागली की भिन्न शब्द एकाच रूपात येऊन मिळतात. ‘सती’ या शब्दातील ‘त’ लोपला की ‘सई’ हेच रूप होते. इंद्रपत्नी ‘शची’ हिच्या नावातील ‘श’चा ‘स’ आणि ‘च’चा लोप झाला की तेच. ‘स्मृति’चे प्राकृत रूपही ‘सइ’ असेच. मराठीत आठवण या अर्थी येणारा ‘सय’ हा सुंदर शब्द बहुधा तेथूनच आलेला आहे. उत्तर प्रदेशात प्रतापगढ, जौनपूर या भागांतून वाहत जाऊन गोमतीस मिळणाऱ्या नदीचे नावही ‘सई’ आहे. तुलसीदासांच्या रामचरितमानसात तिचा उल्लेख येतो आणि रामायणातील ‘स्यंदिका’ ती हीच, असे मानले जाते. उत्तरेकडील वाचकास ‘सई’ ऐकून मैत्रीण आठवणार नाही, नदी आठवेल.

मग मराठी स्त्रीनाम ‘सई’ हे सखीपासूनच आले, सती किंवा शचीपासून नव्हे, हे कशावरून? केवळ ध्वनिनियमांनी हा प्रश्न सुटत नाही, कारण ध्वनिनियम सर्वांनाच सारखे लागू आहेत. निर्णय करावयाचा तो शब्दाच्या वापरावरून. मराठीत ‘सई’ हे सामान्यनाम म्हणून नांदले ते ‘मैत्रीण’ याच अर्थी. त्याचे अनेकवचन ‘सया’, संबोधन ‘सये’, ‘सयांनो’. ‘सती’ हा शब्द मराठीने तत्सम रूपातच ठेवला, आणि ‘शची’ला तर लोकभाषेत स्थान मिळालेच नाही. जेथे सामान्यनाम जिवंत होते तेथून विशेषनाम उगवले, असे मानणे अधिक सयुक्तिक आहे. नावांच्या पुस्तिका ज्या सहजतेने एखाद्या देवतेचे नाव अर्थ म्हणून देतात त्या सहजतेला येथे आधार नाही. मुलीच्या नावामागे देवता असलीच पाहिजे या अपेक्षेतून असे अर्थ चिकटविले जातात.

जाता जाता एक नोंद. बोलण्यात ‘सही’ या अरबी मुळाच्या शब्दातलाही ‘ह’ अनेकदा गळतो आणि ‘कागदावर सई केली’ असे वाक्य कानी पडते. म्हणजे सखीची ‘सही’ होऊन ‘सई’ झाली, आणि स्वाक्षरीची ‘सही’ही त्याच वाटेने निघाली.

कोणाची सखी?

सातवाहन राजा हाल याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गाथासप्तशतीत ‘सहि’ हे संबोधन वारंवार येते. या गाथांतील स्त्री आपल्या मनातले पतीस क्वचितच सांगते. सासूला, आत्याला आणि सर्वांत अधिक सखीला सांगते. स. आ. जोगळेकर यांच्या संपादनामुळे मराठी वाचकास हा संग्रह सुलभ झाला आहे. बाराव्या शतकातील वैयाकरण हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात सखीला हाक मारण्यासाठी ‘मामि’, ‘हला’, ‘हले’ ही स्वतंत्र अव्यये नोंदविली आहेत. कालिदासाच्या शाकुंतलात शकुंतला आपल्या मैत्रिणींना ‘हला’ म्हणूनच हाक मारते. एका स्त्रीने दुसऱ्या स्त्रीस मारावयाच्या हाकेसाठी व्याकरणात वेगळे सूत्र असावे, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ‘सई’ या नावाच्या अर्थाचा गाभा येथे आहे.

आधुनिक मराठीत ‘सखी’ हा तत्सम शब्द मात्र बराचसा पुरुषाच्या मुखी गेला. भावगीतांत आणि चित्रपटगीतांत ‘सखी’ म्हणजे प्रेयसी असा अर्थ रूढ झाला, आणि ‘सये’ हे संबोधनही पुढे त्याच वाटेने गेले. स्त्रीने स्त्रीला मारलेली हाक पुरुषाने स्त्रीला मारलेली हाक झाली. नावांच्या पुस्तिकेत ‘सई – सखी’ असे वाचणाऱ्या आजच्या तरुण पालकांच्या मनात यांपैकी कोणता अर्थ येत असेल हे सांगावयास नको.

मूळ अर्थ पाहावयाचा तर जात्याकडे वळावे लागते. त्यासाठी प्रस्तुत लेखिकेस दूर जावे लागत नाही. हिंजवडी हे गाव मुळशी तालुक्यात मोडते. येथे माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहण्यापूर्वी हा शेतीचा मुलूख होता. याच तालुक्यातील नांदगाव, कोळवडे आदी गावांतून हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी जात्यावरच्या ओव्या संकलित केल्या. महाराष्ट्रभरातील एक हजाराहून अधिक गावांतून जमविलेला त्यांचा संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांचा आहे आणि त्याचा मोठा भाग आता ध्वनिमुद्रणांसह अभ्यासकांस उपलब्ध आहे. त्यापूर्वी साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये आणि पुढे सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या ग्रंथांतून असेच मोलाचे संकलन केले होते. या ओव्यांतील संबोधने पाहिली तर भाऊ, लेक, विठ्ठल यांच्या बरोबरीने ‘सई’ आणि ‘सया’ भेटतात. मोठ्या दळणाला सहसा दोघी बसत. एकाच खुंट्याला दोघींचे हात असत. समोर बसलेली जी, ती सई. म्हणजे या शब्दात शृंगार नाही, देवत्व नाही आणि कौतुकही फारसे नाही. त्यात बरोबरी आहे, कारण जाते एका हाताने ओढले जात नाही.

ही बरोबरी ध्यानात घेतली म्हणजे मराठी स्त्रीनामांत ‘सई’चे स्थान किती वेगळे आहे हे दिसून येते. आपल्याकडील बहुसंख्य स्त्रीनामे देवता, नदी, फूल किंवा गुण यांवरून आलेली आहेत. गंमत अशी की मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी यांची नावे असलेल्या मुलीशी विवाह करू नये असे सांगितले आहे, आणि महाराष्ट्रातील स्मृती मानणाऱ्या घरांनीच गोदावरी, यमुना, कृष्णा, भागीरथी ही नावे पिढ्यान्‌पिढ्या ठेवली. पारस्कर गृह्यसूत्रानुसार स्त्रीनाम विषम अक्षरांचे आणि आकारान्त असावे. ‘सई’ या दोन्ही कसोट्यांवर उतरत नाही. मनूने दुसऱ्या अध्यायात सांगितलेली सुखोच्चार्यता आणि अंती दीर्घ स्वर, एवढे मात्र तिच्यात आहे. थोडक्यात, हे नाव शास्त्रातून आलेले नाही.

नाते सांगणारी नावे मराठीत आहेत, पण मोजकी. चोखामेळ्याची पत्नी आणि स्वतः अभंगकर्ती असलेली सोयराबाई हे एक ठळक उदाहरण. शिवाजी महाराजांच्या राण्यांतही सईबाई आणि सोयराबाई ही दोन्ही नावे एकत्र आढळतात. ‘सोयरा’ हे नाते जोडल्या गेलेल्या घरांचे आहे, ‘सई’ हे स्वतः निवडलेले आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. विशेषनामाला अर्थ नसतोच, ते केवळ व्यक्तीकडे निर्देश करते, असे जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ सालच्या आपल्या तर्कशास्त्रविषयक ग्रंथात मांडले होते. तर्कशास्त्राच्या चौकटीत ते मान्य होईल. परंतु ज्या समाजात मुलगी नको होती म्हणून तिचे नाव ‘नकुशा’ ठेवले जाते त्या समाजात हे प्रतिपादन टिकत नाही. २२ ऑक्टोबर २०११ रोजी सातारा येथे झालेल्या कार्यक्रमात अशा २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. नाव निरर्थक असते तर त्या मुलींना ते बदलण्याची गरज भासली नसती. नावाचा अर्थ कोशात नसला तरी हाक मारणाऱ्याच्या तोंडी असतो आणि ऐकणारीच्या मनात असतो.

लोकप्रियतेचा प्रश्न

कोणते नाव किती लोकप्रिय आहे, हे सांगण्याची हौस मोठी आणि साधने तुटपुंजी, अशी आपल्याकडील स्थिती आहे. अमेरिकेतील सामाजिक सुरक्षा प्रशासन १८८० पासूनच्या जन्मवर्षांची नावे संख्येसह प्रसिद्ध करते, एखाद्या वर्षी एखादे नाव किमान पाच बालकांस ठेवले गेले की ते यादीत येते. आपल्याकडे १९६९ च्या कायद्यान्वये जन्मनोंदणी होते. नोंदणीच्या वेळी नाव ठरलेले नसल्यास ते बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क आणि त्यानंतर विलंबशुल्कासह पंधरा वर्षांपर्यंत दाखल करता येते. परंतु नोंदणीच्या प्रसिद्ध होणाऱ्या आकडेवारीत जन्मांची संख्या असते, नावांची वारंवारिता नसते. त्यामुळे ‘अमुक नाव पहिल्या दहांत’ अशी जी विधाने मराठी पुस्तिकांत आणि पुरवण्यांत छापली जातात त्यांना अनुमानापलीकडे किंमत देता येत नाही.

मराठी स्त्रीनामांच्या बाबतीत आणखी एक अडथळा आहे. विवाहसमयी ताटात तांदूळ पसरून त्यात वधूचे नवे नाव लिहिण्याची प्रथा आपल्याकडे दीर्घकाळ होती आणि ती पूर्णपणे गेलेली नाही. या प्रथेमुळे जुन्या कागदपत्रांत जी स्त्री भेटते तिचे माहेरचे नाव अनेकदा हाती लागत नाही. जिला जात्यावर ‘सई’ म्हटले गेले, जिचे पाळण्यातील नाव एक आणि सासरचे दुसरे होते, तिला कोणत्या स्तंभात मोजावयाचे? म्हणून या नावाच्या प्रवासाचा विचार आकड्यांऐवजी काही ज्ञात टप्प्यांवरून करणे इष्ट.

पहिला टप्पा अर्थात सईबाई. फलटणच्या नाईक-निंबाळकर घराण्यातील ही कन्या १६४० साली पुण्यात शिवाजी महाराजांशी विवाहबद्ध झाली. १६५७ साली पुरंदरावर संभाजी महाराजांचा जन्म झाला आणि १६५९ च्या सप्टेंबरात राजगडावर सईबाईंचे निधन झाले. पुत्र तेव्हा अवघा सव्वादोन वर्षांचा होता. रणजित देसाई यांची ‘श्रीमान योगी’, शिवाजी सावंत यांची ‘छावा’ या कादंबऱ्यांनी आणि पुढे दूरदर्शन-वाहिन्यांवरील ऐतिहासिक मालिकांनी त्यांची प्रतिमा घरोघर नेली. एक गोष्ट मात्र सहसा दुर्लक्षित राहते. सतराव्या शतकात एका मातब्बर मराठा घराण्यात मुलीचे नाव ‘सई’ ठेवले गेले, तेव्हा ते राणीचे नाव नव्हते. शेतावर आणि जात्यावर चालणारा तोच शब्द गढीतही चालत होता. तिला राजवैभव नंतर प्राप्त झाले. आज जे पालक ‘सईबाई महाराणींचे नाव’ म्हणून ते निवडतात, ते हा क्रम उलटा वाचतात.

दुसरा टप्पा विसाव्या शतकातला आहे आणि माझ्या मते तो अधिक अर्थपूर्ण आहे. १९३८ साली शकुंतला परांजपे यांना कन्या झाली आणि तिचे नाव सई ठेवण्यात आले. रँग्लर र. पु. परांजपे यांची ही नात. त्या काळातील सुशिक्षित पुणेरी घरांत मुलींची नावे बहुतांशी संस्कृत वळणाची असत. अशा वेळी, ‘कुंकू’ या १९३७ सालच्या चित्रपटात काम केलेल्या, संततिनियमनाच्या चळवळीत हिरिरीने वावरलेल्या आणि रशियन चित्रकार पतीपासून विभक्त होऊन माहेरी मुलीला वाढविणाऱ्या या विदुषीच्या घरात हे तद्भव नाव आले. मुलीने आडनावही आईचेच लावले. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या नावापुढे आईचे नाव लावणे बंधनकारक केले. परांजपे यांच्या घरात त्याहूनही पुढचे पाऊल आठ दशकांहून अधिक काळ आधी पडले होते. पुढे ‘स्पर्श’, ‘चश्मे बद्दूर’, ‘कथा’ या चित्रपटांनी सई परांजपे हे नाव भारतभर गेले. त्यांनी आपल्या कलाप्रवासाच्या पुस्तकास ‘सय’ हे शीर्षक दिले, तेव्हा सखी आणि स्मृती ही प्राकृतातील दोन जवळजवळ एकरूप झालेली मुळे नकळत पुन्हा शेजारी आली. भाषेच्या अभ्यासकास याहून सुंदर योगायोग क्वचित लाभेल.

तिसऱ्या टप्प्याबद्दल फार लिहिण्याची आवश्यकता नाही, तो सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. दोन अक्षरी नावांची आवड वाढली, सई ताम्हणकर यांच्यासारख्या अभिनेत्रीमुळे नाव सतत कानावर राहिले, २०२० साली ‘माझा होशील ना’ या मराठी मालिकेची आणि ‘गुम है किसी के प्यार में’ या हिंदी मालिकेची अशा दोन्ही नायिका ‘सई’च होत्या. हिंदी मालिकेतील सई जोशी ही गडचिरोलीची मराठी मुलगी. तिच्यामुळे महाराष्ट्राबाहेरच्या प्रेक्षकांनाही हे नाव कळले, अर्थ मात्र कितपत कळला असेल याची शंका आहे.

रोमन लिपीतील ‘सई’ : हिंजवडीचा अनुभव

हिंजवडीत राहून या नावाचा विचार करताना एक वेगळीच गुंतागुंत समोर येते. येथील उद्यानात आंध्र आणि तेलंगणातून आलेले तरुण मोठ्या संख्येने काम करतात. त्यांच्यात शिर्डीच्या साईबाबांच्या आणि पुट्टपर्तीच्या सत्य साईबाबांच्या भक्तीमुळे ‘साई’ हे नाव किंवा नावाचा पहिला घटक मुलगे आणि मुली दोघांतही रूढ आहे. रोमन लिपीत ‘सई’ आणि ‘साई’ यांचे लेखन एकच, एस-ए-आय. ‘साई’ हा शब्द सामान्यतः ‘स्वामी’ या शब्दाशी जोडला जातो. हिंदीतील ‘सैंया’ही त्याच कुळातला. म्हणजे तीन रोमन अक्षरांत एकीकडे स्वामी आहे आणि दुसरीकडे सखी आहे. कार्यालयीन पत्रव्यवहारात केवळ लिखित नाव पाहून मराठी सईला पुरुष समजून ‘श्रीयुत’ लावले जाते, अशा तक्रारी येथे नव्या नाहीत.

एखाद्याला हा केवळ गमतीचा विषय वाटेल. परंतु प्रवेश अर्ज, गुणपत्रक आणि ओळखपत्र यांवरील नावे जुळली पाहिजेत, अशी आता सर्वत्र अट असते. अर्ज रोमन लिपीत भरावयाचा आणि देवनागरी रूप यंत्राने तयार करावयाचे, अशी पद्धत असेल तेथे ‘सई’ची ‘साई’ होण्यास कोणाचा हेतू असावा लागत नाही. एक काना वाढतो आणि तो काढण्यासाठी विद्यार्थिनीस प्रतिज्ञापत्र, प्रसंगी राजपत्रातील जाहिरात, एवढा प्रवास करावा लागतो. यावर पालकांनी शोधलेला उपाय म्हणजे रोमन लेखनात अक्षरे वाढविणे. कोणी शेवटी दोन ‘ई’ लिहितात, कोणी मध्ये ‘वाय’ घालतात. देवनागरीत दोन अक्षरांत निर्विवाद असलेले नाव रोमनमध्ये चार-पाच अक्षरे घेऊनही संदिग्ध राहते. आमच्या गावालाही हा अनुभव आहे. ‘हिंजवडी’चे रोमन लेखन वाचून बाहेरून आलेली माणसे ‘हिंजेवाडी’ म्हणतात आणि हळूहळू येथील काही मराठी फलकांवरही तेच उतरले आहे.

साहित्याच्या अध्यापकांपुढे हीच अडचण अन्य रूपाने येते. किरण देसाई यांच्या २००६ साली बुकर पारितोषिक लाभलेल्या कादंबरीची, कालिंपाँग येथे आजोबांकडे राहणारी तरुण नायिका याच तीन रोमन अक्षरांची आहे. मराठीत लिहिताना तिला ‘सई’ म्हणावे की ‘साई’, हा केवळ शुद्धलेखनाचा प्रश्न नाही. एका लेखनाने ती मैत्रीण होते, दुसऱ्याने भक्ताची लेक.

याच परिसरात आणखी एक गोष्ट ऐकू येते. महाविद्यालयातील आणि वसतिगृहांतील मुली परस्परांना ‘यार’ म्हणतात, ‘ब्रो’ म्हणतात, अलीकडे ‘भावा’ही म्हणतात. तिन्ही संबोधने मुळात पुरुषांची आहेत. ‘मैत्रीण’ हा शब्द आपल्याकडे आहे, पण तो तिसऱ्या व्यक्तीस ओळख करून देताना वापरावयाचा. समोरासमोर ‘ए मैत्रिणी’ असे कोणी म्हणत नाही, आणि ‘मैत्रिणींनो’ हे तर निवेदिकेचे संबोधन झाले. ‘सई’ने जी जागा व्यापली होती ती रिकामी आहे. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती माळ्यावर गेली किंवा हॉटेलांच्या दर्शनी भागात शोभेसाठी मांडली गेली, हे एक कारण. दुसरे कारण विचार करण्यासारखे आहे. शब्द विशेषनाम झाला की सामान्यनाम म्हणून वापरणे अवघड जाते. वर्गात दोन सई असताना तिसरीला ‘सई’ म्हणून हाक मारता येत नाही.

सई आणि सखू

नावाची लोकप्रियता त्याच्या अर्थावर अवलंबून असते, हे नावांच्या पुस्तिकांचे मूळ गृहीत आहे. ते तपासण्यासाठी एक साधी तुलना पुरेशी आहे. सईबाईंच्या ज्येष्ठ कन्येचे नाव सखूबाई. तिचा विवाह फलटणच्या निंबाळकर घराण्यातच, बजाजी यांचे पुत्र महादजी यांच्याशी झाला. आई सई आणि लेक सखू. शब्द एकच, ‘सखी’. आईच्या नावात त्याचे प्राकृत रूप आहे, तर लेकीच्या नावात ‘ख’ टिकून पुढे लाडाचा ‘ऊ’ लागलेला आहे. गंगू, यमू, चिमू या नावांत लागतो तोच. कऱ्हाडच्या संत सखूमुळे या नावाला वारकरी परंपरेत मोठा मानही आहे.

अर्थाचाच विचार केला तर ‘सई’ ठेवणाऱ्या पालकांना ‘सखू’ही तितकीच चालावयास हवी. किंबहुना संत आणि राजकन्या दोन्ही पाठीशी असल्याने अधिक. प्रत्यक्षात आज बारशाला ‘सखू’ हे नाव कोणी सुचविले तर घरात हशा पिकेल. विसाव्या शतकातील नागरी मराठी रंगभूमीने, विनोदी कथांनी आणि जाहिरातींनी ‘सखूबाई’ हे मोलकरणीचे नाव करून टाकले. नागर मध्यमवर्गाच्या कानाला अंत्य ‘ऊ’ ग्रामीण वाटू लागला आणि अंत्य ‘ई’ नाजूक. सखूपाठोपाठ ठकू, भागू, सगू, धोंडू यांचीही हीच गत झाली, परंतु त्या नावांना आधुनिक जुळी बहीण नव्हती, म्हणून त्यांचे जाणे चटकन जाणवले नाही. सखूच्या बाबतीत ते उघडे पडते. एकाच शब्दाच्या दोन रूपांपैकी एक दिवाणखान्यात आले आणि दुसरे मागील दाराने भांडी घासण्यास गेले, आणि नावांच्या पुस्तिकेत दोघींचा अर्थ छापावयाचा झाला तर तो एकच छापावा लागेल.

हिंजवडीत सकाळी आठच्या सुमारास मोठ्या गृहसंकुलांच्या फाटकांपाशी उभे राहिल्यास दोन्ही नावे आजही ऐकू येतात. आतून शाळेच्या गाडीकडे येणाऱ्या मुलीला ‘सई’ म्हणून हाक मारली जाते. बाहेरून कामासाठी आत जाणाऱ्या बायकांत एखादी वयस्क सखूबाई असते, आणि सुरक्षारक्षकाच्या नोंदवहीत तिचे नाव बहुधा पुढे आडनाव न लावताच लिहिलेले असते.